हरकत असल्यास एक दाबा

९ फेब्रुवारी

साहेबांनी आज मला आत बोलावून केबिनचं दार लावून घेतलं. मार्चअखेर जुन्या वस्तीतल्या तांब्याच्या तारा बंद झाल्या नाहीत तर स्मार्ट सिटीचा निधी परत जाणार, आणि आयोगातला आमचा दूरसंचार कक्षही गुंडाळणार. "मॅडम, नियम तुम्ही लिहिलेत, आता ते तडीस न्या. नाहीतर दोघंही घरी बसू." दोघंही म्हणाले खरं, पण त्यांची बदली होईल. घरी मीच बसेन.

मला वर्षभर झोप नाही. तारा टाकणाऱ्या कंपनीचं म्हणणं, नवी काचेची, म्हणजे फायबरची, तार घरोघर टाकायची आणि जुनी तांब्याचीही सांभाळायची, असे दोन संसार आम्हाला परवडत नाहीत. वस्तीतल्या जुन्या फोनवाल्यांना विचारून मगच तार बंद करायची, ही अट मी भांडून घालून घेतली. दहातल्या एकाहून जास्त लोकांनी हरकत घेतली तर जाहीर सुनावणी घ्यावी लागेल. सुनावणी म्हणजे आणखी सहा महिने, म्हणजे सगळं मुसळ केरात.

आणि त्याच वस्तीत मावशी राहते. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. आता तिचे डोळे जवळजवळ गेलेत, गुडघ्यांनी संप केलाय, तरी दोन खोल्या सोडून माझ्याकडे यायला तयार नाही. तिच्याकडे चकतीचा काळा फोन आहे. बोटानं भोकं मोजून नंबर फिरवते. दिवसातून चारदा मला फोन, कधी चहा उतू गेला म्हणून, कधी नुसतंच "आहेस ना?" म्हणून. "जोवर तुला फोन लावता येतोय तोवर मी एकटी नाही," हे तिचं नेहमीचं वाक्य. तिची लाईन वगळून टाका, असं मी एका शब्दात सांगू शकते. सांगणार नाही. आपल्या माणसासाठी नियम वाकवायचे तर ते लिहिले कशाला?

१२ फेब्रुवारी

आज जरा बरं वाटतंय. वर्तमानपत्रातली नोटीस कोणी वाचत नाही, म्हणून मी नवी तऱ्हा काढली. ज्या फोनची तार जायची त्याच फोनवर घंटी जाईल, आणि ध्वनिमुद्रित आवाज सांगेल की तुमची लाईन नव्या तारेवर जाणार आहे, हरकत असल्यास एक दाबा. काहीच दाबलं नाही तर संमती धरली जाईल. मौन म्हणजे संमती, हे काही मी शोधून काढलेलं नाही.

आवाज देणाऱ्या बाईला द्यायला पैसे नव्हते, म्हणून मीच बोलले. नवरा म्हणाला, "पहिल्यांदाच तुझं बोलणं एका मिनिटात संपलं." हा माणूस मला बुडत्या जहाजावरही हसवेल.

१८ फेब्रुवारी

दुपारी मावशीचा फोन. तोंडाचा पट्टा चालूच.

"अगं, सकाळी तूच फोन केला होतास ना? मग माझं ऐकलं का नाहीस?"

"मी नाही गं. ती टेप आहे."

"टेप कसली, आवाज तुझा! मी स्पष्ट सांगितलं, बाई, माझी हरकत आहे, मला ती काचेची तार नको. तू आपली एक दाबा, एक दाबा. बरं बाई, म्हणून एकही फिरवला. तरी तुझं पालुपद तेच. शेवटी 'धन्यवाद' म्हणून ठेवून दिलास."

मला हसू आवरेना. टेपशी वाद घालणारी बाई जगात एकटी मावशीच. तिला म्हटलं, हरकत नोंदली असेल, काळजी करू नकोस. "कानामागून आली आणि तिखट झाली तुझी ती काच," असं म्हणून तिनं फोन आपटला.

हसले खरी, पण नंतर विचार आला. तिच्यासारखे हट्टी म्हातारे त्या वस्तीत ढिगानं आहेत. सगळ्यांनी असं एक-एक फिरवलं तर माझं काय?

४ मार्च

जुन्या वस्तीतून हरकती: एकही नाही.

मी आकडा पुन्हा मागवला. एकही नाही! नव्या वसाहतीतून पंधरा-वीस आल्या, जिथे लोकांना तारेचं सोयरसुतक नाही. आणि जिथून दगड येतील म्हणून मी डोकं झाकून बसले होते तिथून चकार शब्द नाही. साहेबांनी स्वतः उठून माझ्या टेबलापाशी येऊन हात मिळवला. कंपनीचा प्रतिनिधी, ज्याला आम्ही आपसात गुळगुळीत म्हणतो, तो म्हणाला, "लोकांना विकास हवा असतो मॅडम, आपणच उगाच घाबरतो."

एकही नाही म्हणजे मावशीचीही नाही. हे घरी येताना माझ्या लक्षात आलं, आणि रस्त्यातच डोळे भरून आले. तोंडानं एवढी कडाकडा बोलली, पण माझ्या नोकरीचं तिला माहीत आहे. माझ्यासाठी तिनं हरकत घेतली नाही. पुन्हा वर मला तसं कळू दिलं नाही. मीही विषय काढणार नाही, तिला असले उपकार बोलून दाखवलेले खपत नाहीत.

११ मार्च

मावशीच्या घरी नवी तार आली. मी मुद्दाम रजा टाकून गेले. भिंतीवर पांढरी डबी बसली, तिच्यातून वायर जुन्या काळ्या फोनला. फोन बदलायचा नाही, ही तिची अट, आणि फोन बदलायची सक्ती नाही, ही माझ्या नियमातली अट. डबी बसवणाऱ्यानं मोबाइलवरून तिचा नंबर लावला, काळा फोन खणखणला. "वाजला म्हणजे झालं," म्हणून त्यानं माझी सही घेतली. चाचणी तशीच लिहिली आहे मी: बाहेरून घंटी द्यावी, वाजल्यास जोडणी पूर्ण समजावी.

मावशी रिसीव्हर कानाला लावून म्हणाली, "आवाज फार स्वच्छ आहे गं. विहिरीतून बोलल्यासारखं नाही वाटत." एवढं कौतुक तिच्या तोंडून म्हणजे सन्मानपत्रच. निघताना तिनं माझा चेहरा हातांनी चाचपला आणि म्हणाली, वाळलीस.

१७ मार्च

काम, काम, काम. खांबांवरचे दिवे, कॅमेरे, कचऱ्याच्या डब्यांतली यंत्रं, सगळं नव्या तारेवर आणायचंय. खड्डे खणायच्या परवानग्यांवरून पालिकेशी रोज हमरीतुमरी. कंपनीनं दोन रस्ते न विचारता खणले आणि शिव्या मला.

मावशीचा आठवडाभर फोन नाही. आधी वाटलं बरं झालं, श्वास घ्यायला उसंत मिळाली. आज मीच लावला. लगेच उचलला, जणू हात फोनवरच होता.

"आली का आठवण?"

"अगं, तूच करत नाहीस."

"मी करत नाही? दिवसभर करते. तुझा सारखा टूं टूं टूं. कोणाशी एवढी बोलत असतेस?"

माझ्या मोबाइलवर तिचा एकही फोन आल्याची नोंद नाही. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, मी करते म्हणजे करते. मी म्हटलं, नंबर चुकत असेल, डोळे... तर म्हणाली, "माझं बोट चुकत नाही." नाचता येईना अंगण वाकडं. पण मनात पाल चुकचुकलीच. विसरायला लागली की काय? माझ्या आजोळच्या घराण्यात हे आहे. नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, घेऊन येऊ इकडे. येतेय कसली!

२२ मार्च

आज मी फोन लावला तर पुन्हा तेच. "तू उचलत नाहीस. कामापुढं मावशी नको झाली. सरळ सांग." दिवसभर साहेबांचं ऐकलेलं, गुळगुळीतचं ऐकलेलं, आणि आता हिचं. माझा तोल गेला. म्हटलं, "मावशी, लावलाच नाहीस तर उचलू काय, कपाळ? उगाच आळ घेऊ नकोस. तुझ्या डोक्यात काय चाललंय ते तुलाच कळत नाही."

ती हळूच म्हणाली, "बरं. ठेव."

रडू आलं, रागही आला. माझ्यासाठी हरकत घेतली नाही, आणि आता त्याचा असा सूड उगवतेय का? आता मी करणार नाही फोन. खरंच करता येत असेल, तर करेल तीच. बघू कोण हरतं.

२५ मार्च

तिचा फोन नाही. मीही केला नाही. जेवताना नवरा म्हणाला, "दोघींत लहान कोण आहे?" मी ताट सारलं.

२७ मार्च

मावशी पडली.

तिच्या शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मोबाइलवरून कळवलं. काल दुपारी कधीतरी पडली, आज सकाळी सापडली. मांडीचं हाड मोडलंय. रात्रभर फरशीवर होती. फोन वायरीनं ओढून खाली घेतलेला, रिसीव्हर हातात. बाई म्हणाल्या, "तुमचाच नंबर फिरवत होत्या. आम्ही उचलायला गेलो तरी, थांबा, लागेल आता, म्हणत होत्या."

रुग्णालयात ती ग्लानीत आहे. माझा हात ओळखला. फक्त एवढं बोलली: "किती वेळा लावला गं."

देवा, माझ्याकडे एकही आला नाही. एकही.

२८ मार्च

तिचे कपडे आणायला तिच्या खोलीत गेले. फोन अजून फरशीवर होता. उचलला, कानाला लावला. सूर येत होता, लाईन जिवंत होती. खाली बसून मी माझाच नंबर फिरवला. एकेक आकडा, सावकाश, चकती पूर्ण मागे येऊ देत. पर्समधला मोबाइल वाजेना. थोडा वेळ तोच सूर, मग टूं टूं टूं.

पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. कितीदा फिरवला असेन, बोट दुखायला लागलं. मग माझ्या मोबाइलवरून तिला लावला तर हातातला फोन खणखणला, आणि मी दचकून तो टाकून दिला.

दूरसंचारात पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला हे कळायला फरशीवर बसावं लागलं. चकती फिरवली की खटके जातात, बटण दाबलं की सूर जातो. जुन्या तारेच्या यंत्राला खटके कळायचे. या पांढऱ्या डबीला फक्त सूर कळतात. मावशीला घंटी येत होती, तिला घंटी करता येत नव्हती. आणि आम्ही चाचणी काय घेतली? वाजला म्हणजे झालं.

मग ते आठवलं. तिनं एक फिरवला होता, आणि माझ्या टेपमागच्या यंत्रालाही बटणाचे सूरच कळतात, खटके नाहीत. माझ्या आवाजाला तिनं तोंडानं सांगितलं, वर एक फिरवूनही सांगितलं. तिनं हरकत घेतली होती. माझ्यावर उपकार बिपकार काही केले नव्हते. जुन्या वस्तीत घरोघर चकतीचेच फोन आहेत. त्यांतल्या कितीजणांनी एक फिरवला असेल? आणि मी त्या शून्यावर हात मिळवून घेतले. म्हणे मौन!

२९ मार्च

साहेबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेन्सिल टेबलावर आपटत राहिले. "मावशींचं वाईट झालं. पण मॅडम, वस्तीतून तक्रार एकही नाही."

"साहेब, तक्रार ज्या लाईनची, त्याच लाईनवरून करायची असा नियम आहे. ती लाईन लागतच नाही."

"नियम तुमचाच ना?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मग ते खुर्ची पुढे ओढून अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "परवा मार्चअखेर. एकदा निधी जमा होऊ दे. एप्रिलात शांतपणे डब्या बदलून घेऊ. आता बोललात तर सुनावणी, चौकशी, कक्ष बंद. सतराजणांच्या पोटावर पाय. तुमच्या मावशींची डबी उद्याच बदलायला सांगतो, झालं?"

माझ्या मावशीची! बाहेर येऊन जिन्यात बसले. आमच्या कक्षातली सगळी माणसं चांगली आहेत, त्यांना घरं आहेत, हप्ते आहेत. मी काय करू? कोणाच्या तोंडचा घास काढू?

३० मार्च

कार्यालयात न जाता जुन्या वस्तीत गेले. नुसती दारं वाजवायची आणि म्हणायचं, तुमच्या फोनवरून मला एकदा फोन लावून दाखवा.

पहिल्याच घरात एक निवृत्त मास्तर. ते म्हणाले, "कशाला? फोन नीट आहे. मुलगा उचलत नाही, एवढंच. सूनबाईनं शिकवलं असणार." पंधरा दिवस झाले, त्यांनी मुलाशी बोलणं टाकलंय. त्याचा फोन आला की मुद्दाम उचलत नाहीत. मी त्यांना चकती फिरवायला लावली, माझा मोबाइल त्यांच्या समोर धरला. तो गप्पच राहिला. मास्तर एकदा मोबाइलकडे बघत, एकदा फोनकडे. मग चष्मा काढून खुर्चीत बसले.

पुढच्या घरात आजी बहिणीवर रुसलेल्या. त्याच्या पुढे एक आजोबा म्हणाले, डॉक्टर मुद्दाम बिझी ठेवतो, फुकट सल्ला नको म्हणून. एका घरात तर मुलगी भेटायला आली होती, तिला आईनं दारातून परत पाठवलं. अख्खी गल्ली आपल्या माणसांवर रुसून बसली आहे. आणि कोणालाच वाटलं नाही की फोन बिघडला, कारण वाजत होता ना! सगळ्यांना एकच वाटलं: आता आपण नको झालो.

तिथूनच एका पायरीवर बसून आयोगाच्या अध्यक्षांना थेट लिहिलं. हरकतींचा शून्य खोटा आहे, चाचणी चुकीची आहे, दोन्ही माझी आहेत, आदेश मागे घ्या, तोवर जुन्या तारा जोडा. साहेबांना प्रत. आणि पाठवून दिलं.

१ एप्रिल

आदेशाला स्थगिती. निधी परत. कक्ष बंद होणार, माझ्यावर चौकशी. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आमच्या टंकलेखिकेनं, जिचा नवरा अंथरुणाला खिळलाय, मला पाण्याचा पेला आणून दिला आणि काही न बोलता गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आज जुन्या तारा जोडायला सुरुवात झाली म्हणतात. कोणाला बरं वाटायचं ते वाटो, मला काही वाटत नाही. उद्या मावशीचं ऑपरेशन.

आज ती पूर्ण शुद्धीवर होती. तिला सगळं समजावलं. डबी, खटके, सूर. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग तिचा चेहरा असा उजळला, की मला तो बघवेना.

"म्हणजे तू बिझी नव्हतीस?"

"नव्हते."

"आणि माझं डोकंही ठिकाणावर आहे?"

"माझ्यापेक्षा जास्त."

"बघ! मी म्हणत होते, माझं बोट चुकत नाही." हसली. हाडाची कळ आली तशी थांबली. थोड्या वेळानं म्हणाली, "पण अगं, तुझा फोन तर मला लागत होता ना? मग त्या दिवसांत तू का नाही केलास?"

मी म्हटलं, "मार्चअखेर होती गं मावशी. कामात होते."

"हो, तेही खरंच," ती म्हणाली. "फार दमतेस." आणि माझा हात थोपटत राहिली, माझीच समजूत काढावी तशी.

२ एप्रिल

मावशी गेली. ऑपरेशन झालं, पण ती शुद्धीवर आलीच नाही. हृदयानं साथ दिली नाही, असं डॉक्टर म्हणाले.

५ एप्रिल

नवरा म्हणतो, निदान आदल्या दिवशी तुमचं बोलणं झालं, तिच्या मनातली अढी गेली. सगळं सांगितलंस तिला.

सगळं नाही सांगितलं. ऑपरेशननंतर सांगेन म्हणून ठेवलं होतं. मी कामात नव्हते. ते सगळे दिवस मी मोबाइल समोर ठेवून बसले होते, बैठकीत, जेवताना, स्वयंपाकघरात, ती आधी करते का बघत. तिचं नावसुद्धा उघडून ठेवलं होतं. बोट टेकवलं असतं तर लागला असता.